कागदावरची म्हैस आणि पडद्यावरचे तांबे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावी मी १९९२ पासून तीन वर्षे शाखाधिकारी होतो. शाखा लहान. माझ्यासह सहा माणसे, एक तिजोरी आणि भिंतीला टेकून ठेवलेली जाडजूड खातेवह्यांची रांग. सहामाही व्याज लागले की दोन-चार दिवसांत एक निवृत्त शिक्षक हमखास येत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. पांढरी दाढी, काळी टोपी, हातात छत्री. माझ्यासमोर बसून ते पासबुक उघडत आणि विचारत, "साहेब, यातलं व्याज नेमकं किती?" मी आकडा सांगायचा, त्यांनी तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घ्यायचा आणि तेवढीच रक्कम, पैशांसकट, काढून न्यायची. त्या पैशांतून बंदरावरच्या सार्वजनिक संडासाची दुरुस्ती होई, रस्त्यातला खड्डा बुजे. त्याचे पुण्य मात्र आपल्या नावावर पडायला नको, असा त्यांचा कटाक्ष होता. हा पैसा दान नव्हे, नुसती झाडलोट आहे, असे ते म्हणत.

"गुरुजी, चालू खातं उघडा, त्यावर व्याजच नसतं," असे मी एकदा सुचवून पाहिले. ते म्हणाले, "पेन्शन बचत खात्यातच येते ना! आणि साहेब, आता तर तुमच्याकडे मशीन येणार म्हणतात. ते व्याज निराळं दाखवील ना? नाहीतर दुधात पाणी घातल्यासारखं व्हायचं. एकदा मिसळलं की निवडायचं कसं?"

मशीन आले. नंतर सगळ्या शाखा एका तारेने जोडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकेवर मोजले जाऊ लागले. आमच्या काळी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक पेन्सिलीने शोधावी लागे. ते डोकेदुखीचे काम होते आणि त्यात चुकाही होत. संगणकाने ते काम कायमचे संपवले. गुरुजींचा आकडा आता न विचारताही मिळू लागला.

हे सारे आज आठवायचे कारण गुरुजींचा मुलगा. आखातात पंचवीस वर्षे नोकरी करून तो गेल्या वर्षी कायमचा गावी परतला. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. एक दिवस तो प्लॅस्टिकची फाईल घेऊन माझ्या पुण्याच्या घरी आला. गावचे घर बांधण्यासाठी त्याने तिकडच्या एका इस्लामिक बँकेकडून पैसे उचलले होते. व्याज नाही, शरियतप्रमाणे सर्व व्यवहार, असे बँकेने सांगितले होते आणि फाईलमध्ये तसे प्रमाणपत्रही होते. त्याखालच्या कागदावर लिहिले होते की, गुरुजींच्या या चिरंजीवांनी बँकेकडून दोन टन तांबे उधारीवर विकत घेतले आणि ते बाजारात रोखीने विकले. घेतल्याची वेळ ११ वाजून २ मिनिटे १४ सेकंद. विकल्याची वेळ ११ वाजून ९ मिनिटे ४० सेकंद.

"काका," तो म्हणाला, "मी साडेसात मिनिटं तांब्याचा व्यापारी होतो. तेव्हा मी कँटीनमध्ये जेवणाच्या रांगेत उभा होतो. तुम्ही जन्मभर तपासणी केलीत. तुम्हीच सांगा, अब्बांना हे चाललं असतं का?"

धर्माच्या प्रश्नावर निकाल देण्याचा मला अधिकार नाही. पण कागद तपासण्याचा मात्र थोडाफार आहे. म्हणून मी वाचायला बसलो. एक-दोन आठवड्यांत उरकेल असे वाटले होते, त्याला पाच महिने लागले.

व्याजाविषयीचा संकोच आपल्याला परका नाही. व्याज कधीही मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये, हा दामदुपटीचा नियम हिंदू धर्मशास्त्राचा आणि इंग्रजांच्या न्यायालयांनीही तो मुंबई इलाख्यात मानला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. तोही एका अर्थी व्याजाच्या हिशेबाविरुद्धचाच उठाव होता. इस्लामने मात्र मर्यादा घातली नाही, सरळ मनाई केली. व्यापाराला मुभा, रिबाला बंदी. पैशावर पैसा घ्यायचा नाही, वस्तूवर नफा घ्यायला हरकत नाही. वाक्य सोपे आहे. या वाक्यावर बँक उभी करणे मात्र सोपे नव्हते.

इजिप्तमधल्या मित घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी १९६३ मध्ये बिनव्याजी बचत बँक काढून पाहिली. ती थोडीच वर्षे टिकली. मलेशियात त्याच वर्षी हजयात्रेसाठी पैसे साठवणारी संस्था निघाली, ती 'ताबुंग हाजी' या नावाने आजही नांदते आहे. दुबई इस्लामिक बँक १९७५ मध्ये सुरू झाली आणि मलेशियाने १९८३ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या कारणाने अडतो. आमच्या १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम बँकेला मालाच्या खरेदी-विक्रीचा धंदा करू देत नाही, आणि इस्लामिक बँकेचा बराचसा कारभार खरेदी-विक्रीवरच चालतो. रघुराम राजन यांच्या समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले होते. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. असो.

ही खरेदी-विक्री असते कशी, हे आधी समजून घेऊ. समजा, तुम्हाला टेम्पो हवा आहे. आमच्या पद्धतीत बँक तुम्हाला पैसे देते, तुम्ही टेम्पो घेता आणि पैशांवर व्याज भरता. 'मुराबाहा' पद्धतीत बँक स्वतः टेम्पो विकत घेते, काही काळ त्याची मालक होते आणि मग ठरलेला नफा लावून तो तुम्हाला हप्त्यांवर विकते. हप्ता कदाचित दोन्हीकडे सारखाच येईल. तुम्ही म्हणाल, मग फरक काय? फरक त्या मधल्या काळात आहे. बँकेच्या मालकीचा असताना टेम्पो जळाला तर नुकसान बँकेचे. ही जोखीम बँकेने खरोखर अंगावर घेतली असेल तर तो व्यापार, नाहीतर ते व्याजच, फक्त टोपी बदललेले.

म्हणजे सारा धर्म येऊन ठेपला तो तारखांच्या क्रमावर! आधी बँकेची खरेदी, मग ताबा, मग ग्राहकाला विक्री. हा क्रम उलटला की व्यवहार बाद आणि त्याचा नफा धर्मादाय कामाला द्यायचा. बहारीनमध्ये १९९१ पासून काम करणारी 'आओफी' ही संस्था या साऱ्याचे मानदंड लिहिते. बँकेत विद्वानांची शरिया समिती असते आणि समितीने दिलेला निर्णय काउंटरवर पाळला जातो की नाही हे पाहायला तपासनीस असतात. मलेशियात २०१३ च्या कायद्याने तर शरियतच्या भंगाला ८ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड ठेवला. तेव्हा तपासणी हा तिथे भाविकांच्या समाधानापुरता मामला नाही.

पूर्वी हे तपासनीस आमच्यासारखेच काम करीत. हजार फायलींतून पन्नास उचलायच्या, बिल पाहायचे, करार पाहायचा, टिपण लिहायचे. उरलेल्या साडेनऊशेंचा भरवसा परमेश्वरावर. आता संगणक हजारच्या हजार पाहतो. बिलाची तारीख कराराच्या नंतरची आहे का, ग्राहकाने बँकेला दिलेले अधिकारपत्र व्यवहाराच्या आधीचे आहे का, थकलेल्या हप्त्याचा दंड धर्मादाय खात्यात गेला की चुकून बँकेच्या उत्पन्नात, हे सारे तो रात्रीत काढून सकाळी यादी टेबलावर ठेवतो. शेअरबाजारातले गाळणही त्याचेच काम. कंपनीचे व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांच्या आत हवे, निषिद्ध उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत हवे, असे आओफीचे माप आहे. गंमत अशी की, बाजार कोसळला तर एक पैसाही नवे कर्ज न काढता कंपनी या मापात नापास होऊ शकते. हे रोजच्या रोज माणसाने कुठवर पाहायचे?

या यंत्रांना आपल्या माणसांचाही हात लागलेला आहे. मुंबईच्या आय-फ्लेक्स कंपनीने घडवलेल्या आणि पुढे ओरॅकलकडे गेलेल्या फ्लेक्सक्यूबमध्ये आणि इन्फोसिसच्या फिनॅकलमध्ये इस्लामिक बँकांसाठी खास सोयी आहेत. माझा एक भाचा अशाच कामात काही वर्षे होता. सदाशिव पेठेत वाढलेला हा मुलगा मुराबाहा, इजारा, मुशारका हे शब्द असे सफाईने उच्चारतो की ऐकत राहावे. मी त्याला विचारले, "बँकेने माल खरंच ताब्यात घेतला हे तुमच्या संगणकाला कळतं कसं?"

तो म्हणाला, "मामा, ताब्याची तारीख भरल्याशिवाय पुढचा पडदा उघडतच नाही."

"आणि तारीख भरतं कोण?"

तो हसला. "शाखेतला माणूस."

इथे मला माझी म्हैस आठवली. १९८० च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरीब कुटुंबांना दुभत्या जनावरांसाठी कर्जे दिली जात. मी तेव्हा तपासणीवर सोलापूरकडच्या एका शाखेत गेलो होतो. फायली बघून डोळे निवले. दरपत्रक, पावती, पशुवैद्यांचा दाखला, विमा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, पंचांच्या सह्या. एक कागद कमी नाही. शाखेला उत्तम शेरा देऊन मी दुपारच्या गाडीने निघणार होतो. गाडी चुकली म्हणून वेळ घालवायला गावात गेलो. पहिल्या घरी म्हैस दाखवली, दुसऱ्या घरी दाखवली, तिसऱ्या घरी पोचेपर्यंत मला तिची ओळख पटली होती. चौथ्या घरी मी तिचा कान हातात धरून पाहिला. कानाला चार भोके होती. एक म्हैस, चार बिल्ले, चार कर्जे. ज्या चार घरांच्या नावावर ती कर्जे होती त्यांच्या हाती त्यातले किती लागले असेल, हे न सांगितलेले बरे. वसुलीची नोटीस मात्र त्यांनाच गेली.

आजच्या संगणकाने ती चोरी पकडली असती का? एक बिल्ला दोन फायलींत असता तर क्षणात पकडली असती. पण बिल्ले चार निराळे होते. संगणकानेही त्या शाखेला उत्तम शेराच दिला असता, आणि माझ्यासारखी त्याची गाडी चुकली नसती.

एक गोष्ट संगणकाच्या बाजूने सांगितली पाहिजे. माणसाने टाइप केलेली तारीख आणि ती टाइप केल्याचा खरा क्षण, दोन्ही तो निरनिराळे जपून ठेवतो. ताबा १० तारखेला घेतला असे लिहिणारा ते २५ तारखेला संध्याकाळी लिहीत होता, आणि त्याच बैठकीत त्याने अशा चाळीस नोंदी केल्या, हे तो सांगू शकतो. आम्हाला शाईच्या रंगावरून अंदाज बांधावा लागे. या एका गुणासाठी मी कुठल्याही तपासनिसाला संगणक घ्यायला सांगेन.

पण आता त्या तांब्याकडे येऊ. गुरुजींच्या मुलाला टेम्पो नको होता, रोख पैसे हवे होते. रोख पैसे नफा लावून विकता येत नाहीत, तेच तर व्याज. म्हणून 'तवर्रुक'. बँक एका दलालाकडून धातू घेते, ग्राहकाला चढ्या भावाने उधार विकते, आणि ग्राहकाच्या वतीने तोच धातू दुसऱ्या दलालाला रोखीने विकून पैसे त्याच्या खात्यात टाकते. आखातात यासाठी बहुधा लंडनच्या बाजारातले धातू वापरतात. मलेशियाने २००९ मध्ये 'बुर्सा सूक अल-सिला' नावाची संगणकावरची बाजारपेठच उभारली, तिथे मुख्यतः पामतेल असते. प्रत्येक टप्प्याला मालाचे वजन, किंमत, मालक आणि वेळ असलेला दाखला मिळतो. तपासनिसाच्या दृष्टीने याहून आदर्श व्यवहार नाही. क्रम चुकण्याची शक्यताच नाही, कारण क्रम संगणकच लावतो.

आणि नेमक्या याच व्यवहाराविषयी विद्वानांचे जमत नाही. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने २००९ मध्ये शारजाच्या बैठकीत असा ठरवून केलेला तवर्रुक अमान्य केला. ओमानने २०१२ मध्ये इस्लामिक बँकांचे नियम केले तेव्हा त्याला मनाई केली. मलेशियाच्या शरिया सल्लागार परिषदेने तो मान्य केला आहे. प्रत्येकाजवळ विचारपूर्वक मांडलेली कारणे आहेत आणि मतभेद ही त्या शास्त्राची जुनी, प्रतिष्ठित रीत आहे. पण संगणकाला मतभेद शिकवता येत नाही. त्याला होय किंवा नाही एवढेच हवे. तेव्हा कुणाचे होय आणि कुणाचे नाही त्याच्यात भरायचे, हे ठरवणारा माणूस फार मोठा निर्णय घेत असतो आणि त्या निर्णयाचा पत्ता ग्राहकाच्या प्रमाणपत्रावर छापलेला नसतो. आता करारनामे वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही या कामाला जुंपली जात आहे. ती पूर्वी मंजूर झालेल्या करारांवरून शिकते. म्हणजे काल जे चालले त्यासारखे जे दिसेल ते आजही चालेल, असे ती म्हणणार. आमच्या खात्यात अशा अधिकाऱ्याला 'मागील पान पाहा' म्हणत.

मंजुरी म्हणजे तरी किती टिकाऊ? शारजाच्या डाना गॅस कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलरचे सुकूक, म्हणजे शरियतला धरून काढलेले रोखे, विकले होते. विद्वानांची संमती होती, कागद चोख होते. जून २०१७ मध्ये खुद्द कंपनीच म्हणाली की आमचे हे रोखे आता शरियतमध्ये बसत नाहीत, सबब पैसे देणे बेकायदा ठरेल! प्रकरण शारजाच्या आणि लंडनच्या न्यायालयांत गेले. लंडनचा निकाल धनकोंच्या बाजूने लागला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. क्रमाची, वेळेची कितीही बारीक तपासणी केली असती तरी या भांडणाचा सुगावा लागला नसता. प्रश्न कागदांच्या क्रमाचा नव्हताच.

माझे मत विचाराल तर मला यंत्राची भीती वाटत नाही. यंत्राने मोकळा केलेला माणूस पुढे काय करतो याची वाटते. हजार फायली संगणकाने तपासल्या म्हणजे तपासनिसाचे पन्नास फायलींचे कष्ट वाचले. त्या वाचलेल्या वेळात त्याने गोदामात जावे, टेम्पोच्या चेसिसचा नंबर बोटाने चाचपावा, धातू घेणारा दुसरा दलाल पहिल्याचाच मेव्हणा तर नाही ना हे विचारावे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काय होते, हे बँकेत हयात घालवलेल्या माणसाला सांगायला नको. वेळ वाचला की माणसे कमी करतात. शिवाय तपासनीस ज्या बँकेची तपासणी करतो तिचाच पगार घेतो. हे दुखणे इस्लामिक बँकेचे एकटीचे नाही, आमचेही होते. पण आमच्याकडे ठेवीदाराचा फार तर पैसा जायचा. गुरुजींसारखा माणूस बँकेत पैशाहून मोठी गोष्ट ठेवून जातो. ती परत मागायला तो कुठल्या काउंटरवर उभा राहणार?

आणि म्हणून आणखी एक वाटते. बाद ठरलेले व्यवहार किती, त्यातला किती नफा धर्मादाय गेला आणि कुठे गेला, हे ग्राहकाला साध्या भाषेत कळले पाहिजे. त्याच्या स्वतःच्या व्यवहारात कोणत्या विद्वानांचे मत धरले आणि कोणते मत त्याविरुद्ध आहे, हेही त्याला सहीच्या आधी सांगावे. संगणकाला हे छापायला एक सेकंद लागेल. अर्ध्या लोकांना त्याची फिकीर नसेल. उरलेल्या अर्ध्यांसाठीच तर ही बँक काढली ना?

गुरुजींच्या मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, ते खरं. पण माझं तांबं होतं का नव्हतं?"

मला सांगता येईना. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्या बँकेच्या शरिया विभागाला एक पत्र लिहिले. मजकूर माझा, इंग्रजी दुरुस्ती माझ्या नातीची. विचारले तीनच प्रश्न. हे दोन टन तांबे त्या दिवशी कोणत्या गोदामात होते? ११ वाजून ९ मिनिटांनी ते कोणी घेतले? आणि त्यानंतर ते मूळच्या दलालाकडेच परत गेले का? त्याने ते आपल्या फोनवरून पाठवले आणि आम्ही चहा घेतला. चहा संपण्याच्या आत उत्तर आले. आपले पत्र मिळाले, त्याला अमुक क्रमांक दिला आहे, संबंधित विभाग लवकरच संपर्क साधील. क्रमांक चौदा आकड्यांचा होता. त्याने तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घेतला, घडी घालून खिशात ठेवला. त्याला आता दोन महिने होत आले.